टाकीच नाही, तर भरणार काय?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ५९. सहा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी रोज रात्री घेते. दोन्ही गुडघे झिजलेत. फारच दुखलं की पॅरासिटामॉल. पण खरा वैताग आहे झोपेचा. एकला डोळा लागतो, तीनला टक्क जाग. मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्याच डबे उघडते आणि हाताला लागेल ते तोंडात टाकते. वजन वाढतंय ते वेगळंच.

भाच्याने एका ऑनलाइन वेलनेस कोचशी गाठ घालून दिली. तिने वीस प्रश्नांची उत्तरं भरून घेतली आणि अहवाल पाठवला: ‘तुमची एंडोकॅनाबिनॉइड सिस्टिम ३८ टक्क्यांवर आहे. दुखणं, जागरण, खा-खा, सगळ्याचं मूळ तेच.’ उपाय म्हणून सीबीडी, म्हणजे गांजाच्या झाडातल्या एका द्रव्याचं तेल, जिभेखाली १५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, सहा महिने. म्हणे रिकामी झालेली सिस्टिम पुन्हा भरून काढायची. आज नऊ दिवस झाले, घेतेय. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ते रागावतील. शिवाय वनस्पतीचंच आहे ना! झोपेत थोडा फरक वाटतो, पण तो खरा की मनाचा खेळ, कळत नाही.

ही सिस्टिम नेमकी असते काय? मी आयुष्यात पहिल्यांदा नाव ऐकलं. आणि माझ्यात ती खरंच कमी आहे का?

ता. क. चॉकलेटमध्येही हेच द्रव्य असतं असं भाचा म्हणतो. खरं का?

उत्तर

नमस्कार.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण जो विचारला नाहीत त्याचं उत्तर आधी देते, कारण ते थांबण्यासारखं नाही. आज संध्याकाळचे थेंब घेऊ नका. वॉर्फरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, कमी-जास्तही करू नका. डॉक्टरांना आजच फोन लावा, नऊ दिवस सीबीडी घेतल्याचं सांगा आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते आकड्यात सांगणारी तपासणी, कधी करायचा ते विचारा. जाताना बाटली बरोबर न्या. हिरड्यांतून रक्त येत असेल, न आपटता अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, शौचाला काळी होत असेल किंवा अचानक डोकं भयंकर दुखायला लागलं, तर फोनचीही वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

कारण सांगते. वॉर्फरिनची रोजची गोळी यकृतातली काही ठरावीक एन्झाइमं मोडीत काढतात. तुमचा डोस बसवलाय तोच मुळी ही मोडतोड नेहमीच्या वेगाने होईल हे धरून. सीबीडी त्यातल्या काही एन्झाइमांना अडवतं. मोडतोड मंदावते, वॉर्फरिन रक्तात साचतं आणि रक्त हवं त्यापेक्षा पातळ होतं. सीबीडी सुरू केल्यावर आयएनआर चढला आणि वॉर्फरिनचा डोस उतरवावा लागला, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यांचे सीबीडीचे डोस तुमच्यापेक्षा मोठे होते हे खरं. दिवसाला ३० मिलिग्रॅमने तुमचा आयएनआर हलेलच असं मी म्हणत नाही. पण बाटलीत ३० आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी? बाटलीनेच ना? त्या बाटलीकडे पुढे येतेच. सीबीडी थांबवल्यावर आकडा पुन्हा खाली सरकू शकतो, म्हणून एका तपासणीवर भागेलच असं नाही. झडप बदललेल्या माणसाला आकडा वर गेला तरी धोका आणि खाली गेला तरी धोका, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

डॉक्टर रागावतील. रागावू देत. पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. आयुष्यात पहिल्यांदा नाव ऐकलं म्हणून ओशाळू नका. मी औषधशास्त्र शिकले तेव्हा आमच्या पुस्तकात हा धडाच नव्हता. गांजातलं टीएचसी पेशीच्या स्निग्ध आवरणात विरघळतं, ते आवरण सैल होतं आणि माणूस झिंगतो, असं आम्हाला शिकवलं आणि आम्ही पाठ केलं. टीएचसी ओळखीचं होतं; १९६४ सालीच इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते वेगळं काढून त्याची रचना मांडली होती. पण ते शरीरात जाऊन नेमकं कुणाला भेटतं, याचा पत्ता नव्हता. तो लागला १९८८ साली. अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी दाखवलं की मेंदूतल्या पेशींवर टीएचसी नेमकं जाऊन बसेल अशी जागा आहे, म्हणजे रिसेप्टर आहे. त्यालाच आज सीबी१ म्हणतात.

मग साहजिकच प्रश्न आला. एका झुडपातला चीक कधीतरी अंगात येईल म्हणून शरीर कोट्यवधी पेशींवर दारं बसवून ठेवणार नाही. ही दारं घरातल्याच कुणासाठी तरी असणार. तो घरचा माणूस १९९२ साली सापडला, डुकराच्या मेंदूत. शोधणाऱ्यांत मेशुलम आणि डिव्हेन होतेच, शिवाय लुमीर हानुश. त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या आनंदावरून. १९९५ साली दुसरा सापडला. त्याचं नाव मात्र कारकुनी आहे, २-एजी. मेंदूत हा दुसराच कितीतरी पटींनी जास्त असतो आणि बहुतेक कामही तोच ओढतो. पण नाव गोड म्हणून प्रसिद्धी पहिल्याला.

एंडो म्हणजे आतला. कॅनाबिनॉइड हा शब्द गांजाच्या झाडावरून आला. शरीरातली ही यंत्रणा त्या झाडाच्या कितीतरी आधीची, पण आपल्याला तिचा सुगावा झाडामुळे लागला, म्हणून झाडाचं नाव तिला चिकटलं. माझ्या मते अर्धा घोळ या नावानेच घातलाय. नाव ऐकलं की वाटतं, झाडातलं काहीतरी आपल्यात असायला हवं आणि कमी पडलं की झाडातूनच भरून घ्यायचं. इन्सुलिन पहिल्यांदा एखाद्या पानात सापडलं असतं, तर त्या पानाच्या नावानेही असाच धंदा झाला असता.

ती चालते कशी, ते तुमच्या गुडघ्यावरूनच सांगते.

रात्रीचे तीन वाजलेत, तुम्ही कूस वळता आणि गुडघ्यातून कळ निघते. ती मज्जातंतूवरून पाठीच्या कण्यात पोचते. तिथे एक तंतू संपतो आणि दुसरी पेशी सुरू होते, मध्ये फट. किती? साधारण २० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत अशा काही हजार फटी मावतील. अलीकडची पेशी फटीत रसायन सोडते, पलीकडची ते झेलते आणि निरोप पुढे जातो. शरीरात निरोप असेच जातात, अलीकडून पलीकडे. सांगणारा सांगतो, ऐकणारा ऐकतो.

एंडोकॅनाबिनॉइडांचा प्रवास उलटा. पलीकडच्या पेशीवर निरोपांचा भडिमार झाला की तिच्या आत कॅल्शियम वाढतं. त्याने जागी झालेली एन्झाइमं तिच्याच आवरणातला स्निग्ध पदार्थाचा एक तुकडा कापतात, आणि तो तुकडा म्हणजेच २-एजी. आधी करून ठेवलेला साठा नाही, कुपी नाही, कोठार नाही. पेशीची भिंतच कच्चा माल, आणि लागेल तेव्हाच तयार. हा तुकडा फट उलटी ओलांडून अलीकडच्या पेशीकडे जातो. तिच्या टोकावर सीबी१ असतं, त्यावर तो बसतो. लगेच त्या टोकाची कॅल्शियमची वाट अरुंद होते आणि रसायन सुटणं कमी होतं. म्हणजे ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याला म्हटलं, ‘कळलं, पुरे.’ काही सेकंद, फार तर मिनिटभर शांतता. तेवढ्यात सांगणाऱ्याच्याच टोकात बसलेलं एक एन्झाइम त्या २-एजीचा फडशा पाडतं. आनंदामाइडसाठी वेगळं एन्झाइम आहे, त्याला फा म्हणतात. झालं, मागमूसही उरत नाही.

हा उलटा प्रवास २००१ साली अमेरिका आणि जपानमधल्या तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी सिद्ध केला. शिकवताना मी फळ्यावर दोन पेशी काढायचे आणि बाण उलटा काढला की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, ‘बाई, बाण चुकला.’ मला ते फार आवडायचं.

म्हणजे हा ब्रेक आहे. पण तो लागतो कुणाला, यावर सगळं अवलंबून. मेंदूत काही पेशी दुसऱ्यांना चेतवतात, काही शांत करतात. ब्रेक चेतवणाऱ्या पेशीवर लागला तर गडबड निवळते. शांत करणाऱ्या पेशीवर लागला तर तिच्या धाकात असलेल्यांना मोकळं रान मिळतं. रसायन तेच, रिसेप्टर तोच, परिणाम उलट. म्हणूनच टीएचसीची थोडी मात्रा एखाद्याला निवांत करते आणि तीच वाढली की त्याच माणसाची भीतीने छाती धडधडते. शरीर स्वतः ब्रेक लावतं तेव्हा तो एका फटीत आणि काही सेकंदांपुरता असतो. बाहेरून घेतलेलं टीएचसी मात्र जिथे जिथे सीबी१ आहे तिथे सगळीकडे एकदम बसतं आणि तासन्‌तास हलत नाही.

सीबी१ मेंदूत अफाट आहे. स्मरणशक्तीच्या भागात, हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या भागात, भुकेच्या केंद्रात, भीतीच्या केंद्रात. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात मात्र अगदी कमी. अफूवर्गातल्या औषधांचा डोस चुकला की श्वास थांबतो, तसं गांजाने सहसा होत नाही, ते याच कारणाने. सीबी२ नावाचा भाऊ १९९३ साली सापडला. तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो आणि सूज आटोक्यात ठेवण्यात भाग घेतो. त्याच्यावर फार वेळ घालवत नाही.

आता ते ३८ टक्के.

टक्के म्हटलं की शंभर कशाला म्हणायचं ते आधी ठरलेलं असावं लागतं. हिमोग्लोबिनला, थायरॉइडच्या संप्रेरकाला प्रमाण ठरलेलं आहे. यांना नाही. संशोधक रक्तातलं आनंदामाइड आणि २-एजी मोजतात, त्याची महागडी यंत्रं आहेत. पण तो आकडा दिवसाच्या वेळेबरोबर बदलतो, खाण्याने, धावण्याने, मनावरच्या ताणाने बदलतो. आणि रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतल्या एखाद्या फटीत काय चाललंय ते कळत नाही. तुमच्या कोचबाईंनी तर रक्तही घेतलं नाही. वीस प्रश्नांत ‘झोप लागते का, सांधे दुखतात का, सतत खावंसं वाटतं का’ असंच काहीसं असणार. तुम्हीच तुमच्या तक्रारी लिहून दिल्यात आणि त्याच टक्क्यांत बदलून परत आल्या.

‘एंडोकॅनाबिनॉइड डेफिशियन्सी’ हा शब्द मात्र तिने शोधलेला नाही. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ ईथन रूसो यांनी या शतकाच्या सुरुवातीला अशी कल्पना मांडली की अर्धशिशी, फायब्रोमायल्जिया (सतत अंगभर दुखणं), आतड्याचा चिडचिडेपणा, ज्यांचं कारण नीट सापडत नाही अशा दुखण्यांच्या मुळाशी या यंत्रणेची कमतरता असू शकेल. कल्पना विचार करण्यासारखी आहे. जुनाट अर्धशिशीच्या रुग्णांच्या मज्जाद्रवात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात, आनंदामाइड कमी सापडल्याचा अभ्यासही आहे. पण मज्जाद्रव कमरेत सुई घालून काढतात, मोबाइलवर उत्तरं टिचकवून नाही. आणि ती अजूनही कल्पनाच आहे. झिजलेल्या गुडघ्याला तर अशा गूढ कारणाची गरजच नाही, त्याचं कारण एक्स-रेत दिसतं.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली, रात्री उठून डबे उघडण्याची. शिकागोत झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे. चौदा तरुण मंडळींना चार रात्री पोटभर झोपू दिलं आणि नंतर कधीतरी चार रात्री जेमतेम साडेचार तास. दिवसभर रक्त घेऊन २-एजी मोजलं. ते एरवी दुपारी चढतं आणि मग उतरतं. अपुऱ्या झोपेनंतर ते जास्त वर गेलं आणि संध्याकाळपर्यंत वरच राहिलं. त्याच वेळात जेवण होऊनही या मंडळींचा हात चटकमटक खाण्याकडे जात होता. चौदाच माणसं, तीही तरुण, त्यामुळे मी त्यावर घर बांधणार नाही. पण दिशा बघा. कोचबाई म्हणतात, सिस्टिम रिकामी म्हणून झोप नाही आणि खा-खा. प्रयोग सांगतो, झोप कमी म्हणून ही यंत्रणा चढलेली आणि त्यातून खा-खा. म्हणजे तुमच्यात काही असलंच, तर ते कमी नसून जरा जास्तच असण्याची शक्यता आहे.

समजा, क्षणभर मानू की भरून काढायचंय. त्याचा चोख मार्ग थेंब नव्हे. आनंदामाइड मोडणारं फा एन्झाइम बंद करायचं, म्हणजे घरचंच द्रव्य साचेल. औषध कंपन्यांनी नेमकं हेच केलं, आणि कुणावर? गुडघे झिजलेल्या लोकांवर. २०१२ साली निकाल आला. गोळीने फा जवळजवळ पूर्ण बंद पडलं, रक्तात आनंदामाइड वाढलंही. गुडघे होते तसेच दुखत राहिले. खोट्या गोळीपेक्षा काडीचा फरक नाही. तुमच्या दुखण्यावर, तुमच्या कोचच्या तत्त्वाने, नीट आखून केलेली चाचणी ही अशी झाली.

याच्या विरोधात भाचा तुम्हाला त्या स्कॉटलंडच्या बाईंची गोष्ट सांगेल. ती खरी आहे, २०१९ साली छापून आली. पासष्टी उलटल्यावर हाताची शस्त्रक्रिया झाली, इतरांना असह्य होईल अशी, आणि बाईंना दुखलंच नाही. तपासलं तर जनुकांतल्या फरकामुळे त्यांचं फा मंद आणि रक्तात आनंदामाइड जास्त. चिंताही फारशी शिवत नाही. पण त्या जन्मापासून तशाच घडल्यात, त्यांच्या शरीरात आणखीही काय काय बदललंय याचा शोध चालू आहे. आणि हात भाजला की त्यांना चटका बसत नाही, वास आल्यावर कळतं. विसराळूपणा आहे तो वेगळाच.

उलटा प्रयोगही झाला आहे आणि तो मला जास्त बोलका वाटतो. सीबी१ भूक वाढवतं ना, मग तेच बंद करा, लोक बारीक होतील. रिमोनाबांट नावाची ही गोळी २००६ साली युरोपात बाजारात आली. वजनं खरोखर उतरली, कंबरेचे घेर कमी झाले. पण लोक उदास व्हायला लागले. चिंता, निराशा, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार. अमेरिकेने परवानगी दिलीच नाही आणि २००८ च्या अखेरीस युरोपनेही गोळी मागे घ्यायला लावली. भुकेच्या केंद्रातलं दार बंद करायला गेले आणि भीतीच्या, सुखाच्या केंद्रातलीही दारं त्याच फटक्यात बंद झाली. फटीफटीत वेगळं काम करणाऱ्या यंत्रणेला एकच मोठी कळ नसते, ती दाबता येत नाही.

सीबीडीचं म्हणाल तर गंमत अशी की ज्या सीबी१ वर एवढं पुराण लावलं, त्यावर ते धड बसतही नाही. म्हणूनच त्याने झिंग येत नाही. त्याचं काम इतर मार्गांनी चालतं, त्यातले काहीच समजलेत. ते निरुपयोगी आहे असं मात्र नाही. लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या फेफऱ्यांवर शुद्ध सीबीडीचं औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झालं. पण त्याचा डोस दर किलो वजनामागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम, आणि तेही यकृताच्या तपासण्या करत. साठ किलोच्या माणसाला ते सहाशे ते बाराशे होतात. तुम्ही घेताय तीस. म्हणजे ज्या मात्रेचा गुण सिद्ध झालाय तिच्या पासंगालाही न पुरणारं, पण वॉर्फरिनवाल्या माणसाच्या जिवाला घोर लावायला पुरेसं.

आणि तीस तरी आहेत का? २०१७ साली अमेरिकेत एका गटाने ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं विकत घेऊन तपासली. लेबलवर लिहिलेलं आणि आतलं जुळलं ते फक्त २६ मध्ये. बाकीच्यांत कुठे कमी, कुठे जास्त. १८ मध्ये टीएचसी निघालं. म्हणून म्हटलं, बाटली डॉक्टरांना दाखवा, पण लेबलवर विसंबून कुणी हिशेब करू नका.

झोपेतला फरक खरा की मनाचा? मला इथून सांगता येणार नाही, तुम्हालाही सांगता येणार नाही. नऊ दिवस तुम्ही झोपेसाठी काहीतरी ठरवून, वेळ पाळून करत होतात, एवढ्यानेही झोप सुधारते. त्याला मी खोटं म्हणत नाही. फक्त त्याचं श्रेय बाटलीला इतक्यात देऊ नका.

मग करायचं काय? झोपेसाठी डॉक्टरांना सीबीटी-आय बद्दल विचारा. सीबीडी नव्हे, सीबीटी. अक्षरांनी छळ मांडलाय खरा. जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवतात. अंथरुणात घालवायचा वेळ आधी बांधून घेतात, झोप न येता पडून राहणं मोडतात, घड्याळाकडे बघण्याची सवय मोडतात. पहिले दहा-बारा दिवस जड जातात, आधीच सांगते. त्या दिवसांत तीन वाजता जाग आली तर बिछान्यातून उठा, पण स्वयंपाकघर सोडून दुसऱ्या खोलीत जाऊन बसा.

गुडघ्यांसाठी चाला आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. इथे मात्र तुमच्या या यंत्रणेचा खरा संबंध येतो. धावल्यावर येणाऱ्या तरतरीचं श्रेय आपण वर्षानुवर्षं एंडॉर्फिनला, म्हणजे शरीरातल्याच अफूसारख्या द्रव्याला दिलं. ते रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. २०२१ साली धावणाऱ्यांना एंडॉर्फिनची दारं बंद करणारी गोळी देऊन धाववलं, तरी तरतरी आलीच, आणि रक्तात एंडोकॅनाबिनॉइड वाढलेले होते. मध्यम वेगाच्या व्यायामाने आनंदामाइड वाढतं असं दिसलंय. रेंगाळत चालून नाही, जीव काढून धावूनही नाही. तुमच्या झडपेला मध्यम म्हणजे किती, ते हृदयाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. याने यंत्रणा ‘भरेल’ म्हणून सांगत नाहीये हं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो, तेवढं कारण पुरे आहे.

आणि एक गंमत, तुमच्या पॅरासिटामॉलची. यकृतात तिचा एक तुकडा पडतो, तो मेंदूत जातो, आणि तिथे ते आपलं फा एन्झाइमच त्याला एका स्निग्ध आम्लाशी जोडून एएम४०४ नावाचं नवं द्रव्य बनवतं. गोळीचा वेदनाशामक गुण काही अंशी तरी त्यातून येतो, असं २००५ सालापासूनचं संशोधन सांगतं. ज्या उंदरांत फा नाही, त्यांना या गोळीने आराम पडत नाही. म्हणजे ज्या यंत्रणेचं नाव तुम्ही आत्ता पहिल्यांदा ऐकलंत, तिच्याकडून तुम्ही वर्षानुवर्षं काम करून घेताय. पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास आणि रोज सलग घेतली, तर पॅरासिटामॉलनेही वॉर्फरिनवाल्यांचा आयएनआर चढू शकतो. किती घेता ते पत्रात लिहिलं नाहीत. डॉक्टरांना नक्की आकडा सांगा, ‘फारच दुखलं की’ असं मोघम नको. आणि तिच्याऐवजी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या जातीचं काही मात्र परस्पर घेऊ नका. वॉर्फरिनबरोबर ती पोटात रक्तस्राव करतात.

चॉकलेटचं अर्धं खरं आहे. कोकोमध्ये आनंदामाइड आणि त्याची भावंडं असल्याचं १९९६ साली छापून आलं. पण प्रमाण नगण्य, आणि पोटातून आत जाताना आतड्यात आणि यकृतात फा टपलेलंच असतं. मेंदूपर्यंत काही पोचत नाही.

आयएनआर किती आला ते कळवा.